कोंडवाडा विकायचा का?

‘विषय क्र. ११ : नगरपरिषदेच्या मालकीच्या विनावापर स्थावर मिळकतींची विक्री करणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.’

२०१८ च्या उन्हाळ्यातल्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एवढंच होतं. सोबत टिपणी नाही, यादी नाही. अडचणीचा विषय शेवटी टाकायची आमच्याकडे रीतच होती. तोवर जेवायची वेळ झालेली असते आणि ‘मंजूर, मंजूर’ करत सगळे उठतात. २०१६ च्या निवडणुकीत महिला राखीव जागेवरून मी पहिल्यांदा निवडून आले होते, आणि विषयपत्रिका शेवटून वाचायची एवढं तोवर शिकले होते. गावाचं नाव लिहीत नाही. क वर्ग नगरपरिषद, जुनं संस्थानी गाव, आठवडी बाजार मोठा, एवढं पुरे. मला अजून तिथंच राहायचंय.

सभेत विचारलं, ‘‘कुठल्या मिळकती?’’

नगराध्यक्ष म्हणाले, ‘‘पडून असलेल्या हो, वहिनी. यादी आहे ऑफिसात.’’

‘‘मग ती आधी वाचू द्या की.’’

थोडी वादावादी झाली. शेवटी अण्णांनी (नगराध्यक्षांना सगळं गाव अण्णाच म्हणायचं) नेहमीचा तोडगा काढला, समिती. जो जास्त बोलतो त्याला समितीत घ्यायचं, म्हणजे तो कागदात बुडतो आणि सभा शांत होते. विरोधातले एक वकील, सत्तेतले दोघे आणि मी अशी समिती झाली.

अण्णांची बाजूही सांगायला हवी. नवी पाणी योजना मंजुरीच्या टप्प्यावर होती. शासन अनुदान देतं, पण नगरपरिषदेला स्वहिस्सा भरावा लागतो, आणि आमच्या तिजोरीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. १९९९ ला नगरपालिकांची जकात उठली, तेव्हापासून पगार शासनाच्या सहायक अनुदानावर निघतात. घरपट्टीची वसुली मार्चमध्ये थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवल्याशिवाय होत नाही. पंपिंगचं वीजबिल थकलेलं, ठेकेदारांची बिलं थकलेली. अशा वेळी पडीक जागा विकून टाका असं कुणी म्हटलं तर त्याच्यावर लगेच संशय घ्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. गावाला दिवसाआड पाणी येत होतं, तेही तासभर.

यादीत पाच मिळकती होत्या. हमरस्त्यावरचा जुना जकात नाका. बाजाराच्या मागचा कोंडवाडा. पट नसल्यानं बंद पडलेली शाळा नंबर चार. दवाखान्याजवळची मोकळी जागा. आणि जुन्या वेशीकडं दोन घरांच्या मधली एक अरुंद पट्टी, जिच्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं.

वकिलांनी पहिल्याच बैठकीत कायद्याचं पुस्तक उघडलं. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५, कलम ९२. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय नगरपरिषदेला स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही, आणि तसा प्रस्ताव पाठवायचा तर एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. हजर सदस्यांच्या नव्हे, एकूण. आमच्या सभागृहात त्याचा अर्थ बारा हात. तीन वर्षांपर्यंत भाड्यानं देता येतं, पण भाडेकरूला पक्कं बांधकाम करता येत नाही. सत्तेतले एक सदस्य हे ऐकून म्हणाले, ‘‘म्हणजे एवढं अवघड करून ठेवलंय?’’ वकील म्हणाले, ‘‘सोपं असतं तर आपल्या आधीच्यांनी काही शिल्लक ठेवलं असतं का?’’

मग नोंदवही. मालमत्ता विभागाचे लिपिक निवृत्तीला आलेले होते. लाल फडक्यात बांधलेली स्थावर मालमत्ता नोंदवही त्यांनी टेबलावर ठेवली आणि फडक्याची गाठ सोडताना म्हणाले, ‘‘मॅडम, ही बघायला कुणी येत नाही. लेखापरीक्षणवाले येतात, तेही पानं मोजून जातात.’’ कोंडवाड्याचं पान काढलं. मिळकतीचं वर्णन : ‘कोंडवाडा, दगडी भिंत, आत दोन छपरे, पाण्याचा हौद’. क्षेत्र : ‘अंदाजे ९ गुंठे’. कशी मिळाली : ‘संस्थानकाळापासून’. वार्षिक उत्पन्न : जुन्या वर्षांपुढं निळ्या शाईत रुपये-आणे, पुढं नुसते रुपये, आणि शेवटच्या कितीतरी ओळींत एकाखाली एक ‘निरंक, निरंक, निरंक’. विक्रीच्या यादीत जागा कशी आली हे त्या रकान्यावरून कळलं. ज्यांच्यापुढं निरंक होतं, त्या मिळकती एका कारकुनानं एका दुपारी वेगळ्या कागदावर उतरवून काढल्या होत्या. गावाला ही जागा लागते की नाही, हा प्रश्न कुणाला विचारलेलाच नव्हता.

नोंदवहीत नाव आहे म्हणून जागा आपली, असंही नसतं. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकं आणि तलाठ्याकडून सातबारे काढायला घेतले आणि यादी गळायला लागली.

जकात नाक्याची जागा रस्त्याच्या हद्दीत निघाली. नगरपालिकेनं फक्त त्यावर खोली बांधून वर्षानुवर्षं पावत्या फाडल्या होत्या. जमीन सार्वजनिक बांधकाम खात्याची. पाचांत सगळ्यांत जास्त किंमत हिचीच धरलेली होती, त्यामुळं अण्णांचा चेहरा पडला.

शाळा नंबर चारची जागा एका जुन्या घराण्यानं बक्षीसपत्रानं दिलेली. मोडीतली प्रत आणि तिचं देवनागरी लिप्यंतर दोन्ही फायलीत होतं. ‘मुलांचे शिक्षणाकरिता’ अशी त्यात स्पष्ट अट. त्या घरातले वारस पुण्यात आहेत. जागा विकायला काढली असती तर दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहिले असते, आणि योग्यच केलं असतं.

दवाखान्याजवळची ‘मोकळी जागा’ ही जुन्या मंजूर रेखांकनातली खुली जागा निघाली. म्हणजे ले-आउट करताना दहा टक्के सोडावी लागते ती. ती तिथल्या प्लॉटधारकांच्या वापरासाठी असते. नगरपरिषदेनं ती ताब्यात घेऊन कुंपण घातलं म्हणून ती विकायचा हक्क येत नाही. तिथल्या रहिवाशांना कुणकुण लागली होती. आम्ही पाहायला गेलो तर तीन बायका वाटच पाहत उभ्या. एक म्हणाली, ‘‘बाग करतो म्हणून निवडणुकीला सांगून गेला होता, आता विकायला निघालात होय?’’ माझ्या प्रभागातली जागा नव्हती, पण बोलणं मलाच खावं लागलं.

उरले कोंडवाडा आणि पट्टी.

कोंडवाड्याची मोजणी मागवली. भूमी अभिलेखचे भूकरमापक मशीन लावून बसले, आणि मागच्या बाजूचा हद्दीचा दगड काही सापडेना. दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर त्यांनी नकाशा दोनदा फिरवून पाहिला आणि थेट शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात शिरले. दगड तिथं होता. दुकानदारानं त्यावर ऐरण बसवली होती. ‘‘दगड कसा काढायचा, सरकारी आहे ना,’’ असं तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात लबाडी होती की प्रामाणिकपणा हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. अतिक्रमण दीड गुंठ्याचं. जागा विकायच्या बाजूचे लोक हेच दाखवून म्हणत होते की तुम्ही ठेवलीत तर अशीच जाणार, त्यापेक्षा पैसे तरी करा. या मुद्द्याला माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं. भाड्यानं द्यावी तर गाळ्यांचा अनुभव समोर होता. आमच्या बाजारातले गाळे मूळ भाडेकरूनं कधीच दुसऱ्याला दिलेत, भाडं चहाच्या खर्चाएवढं, आणि मुदत संपली तरी कुणी उठत नाही. जळगावच्या महापालिकेच्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तो घोळ चालला, हे वर्तमानपत्रात सगळ्यांनी वाचलेलं.

मग मी मुख्याधिकाऱ्यांकडं एक साधी गोष्ट मागितली. प्रत्येक खात्याला लेखी विचारा, येत्या दहा वर्षांत तुम्हाला जागा लागणार आहे का, किती आणि कुठं. साहेब तरुण होते, परीक्षा देऊन आलेले. त्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रं काढली. उत्तरं मात्र पाठपुरावा करून मिळवावी लागली. आरोग्य विभागाला सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी शेड हवी होती. अग्निशमनची गाडी उघड्यावर उभी राहते, तिला निवारा हवा. शिवाय दर सभेत मोकाट जनावरांवर अर्धा तास जातो, वर्षाला दोघं-तिघं रात्री गाईला धडकून हातपाय मोडून घेतात, आणि इकडं कोंडवाडा ‘विनावापर’. तो विनावापर होता कारण जनावरं पकडायचा ठेका संपल्यावर पुन्हा निविदा काढलेलीच नव्हती. १८७१ च्या कायद्यानं चालत आलेला कोंडवाडा आमच्या कार्यालयानं एक कागद न हलवून बंद पाडला होता.

पण खरी गोष्ट पाणीपुरवठ्याच्या पत्रात होती, तीही परिशिष्टात. नव्या योजनेत बाजारपेठेच्या भागासाठी एक उंच टाकी धरलेली होती. जागा : ‘संपादन करणे’.

मी ते पत्र घेऊन अभियंत्यांकडं गेले. म्हटलं, साहेब, ही टाकी कुठं येणार? त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. कोंडवाड्यापासून ते बोट फार लांब नव्हतं. ‘‘मग कोंडवाड्यात का नाही?’’ ते म्हणाले, ‘‘मॅडम, ती जागा विक्रीला आहे ना.’’ सल्लागार कंपनीनं आराखडा करताना मालमत्ता विभागाला विचारलं, मालमत्ता विभागानं यादी दाखवली, सल्लागारानं खासगी जागा धरली. एकमेकांवर बोट दाखवण्यासारखंही काही नव्हतं, सगळ्यांनी आपापलं काम नीटच केलेलं.

हिशेब वकिलांनी सभेच्या आधी मला कागदावर मांडून दिला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं नागरी भागात बाजारमूल्याला गुणक एक, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. म्हणजे संपादन करायचं तर दुप्पट मोजायचे. टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडं जादा बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, देऊन जागा घेता येते, पण आमच्यासारख्या गावात तो टीडीआर विकत कोण घेणार? शिवाय कोंडवाड्याचं मूल्यांकन नगररचना विभाग रेडीरेकनर, म्हणजे जमिनीच्या दरांचा सरकारी तक्ता, धरून करणार, आणि त्या काळात, २०१८-१९ आणि २०१९-२० या दोन्ही वर्षी, शासनानं रेडीरेकनरचे दर वाढवलेच नव्हते. बाजारातला भाव त्याच्या कितीतरी पुढं गेलेला. लिलावात वर चढेल म्हणावं तर गावातले लिलाव कसे होतात ते सगळ्यांना माहीत आहे. बोली लावणारे आदल्या रात्री एकत्र जेवलेले असतात. त्याला आमच्याकडं ‘रिंग करणं’ म्हणतात. तेव्हा कोंडवाडा पडत्या भावात विकायचा, त्या पैशातून स्वहिस्सा भरायचा, आणि त्याच योजनेतल्या टाकीसाठी पलीकडच्या गल्लीत तेवढीच जागा दुप्पट देऊन घ्यायची, असा तो एकूण बेत होता. कट वगैरे काही नव्हता. निदान मला सापडला नाही. कोंडवाड्यावर कुणाचा डोळा आहे हे मात्र बाजारात शेंबडं पोरही सांगत होतं.

लेखापालांनाही मी एकदा विचारलं होतं, विक्रीचे पैसे कुठल्या खात्यात ठेवणार. ते चष्मा पुसत म्हणाले, ‘‘मॅडम, खातं वेगळं उघडता येतं. पण मार्चमध्ये वीज तोडायची नोटीस आली की कुठलं खातं वेगळं राहतं ते सांगा.’’ या एका वाक्यानं माझं मत पक्कं झालं. त्याआधी मी जरा दोन्हीकडं होते. जागा विकून टिकाऊ काही उभं राहत असेल तर माझी हरकत नव्हती, आजही नाही. पुण्यात २०२१ ला महापालिकेनं अॅमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागा, दीर्घ मुदतीनं भाड्यानं द्यायचं काढलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. तिथले एक ओळखीचे गृहस्थ मला फोनवर म्हणाले, सार्वजनिक जागेला हातच लावू देणार नाही. मला ते पटत नाही. वेशीकडची पट्टी घ्या. सहा फूट रुंद, दोन्हीकडं घरांच्या भिंती, मागं रस्ता नाही. तिथं ना टाकी होईल ना बाग, फक्त कचरा साठतो आणि डास होतात. ती रास्त भावानं शेजाऱ्याला जाऊ दे, असं मी समितीच्या अहवालात स्वतः लिहिलं.

अहवालावर सूचना फलकावर आणि स्थानिक पेपरात हरकती मागवल्या. कायद्यानं त्या टप्प्यावर ते बंधन होतं असं नाही, वकिलांचा आग्रह होता. म्हणाले, नाहीतर उद्या कुणीतरी ठराव त्याच अधिनियमाच्या कलम तीनशे आठखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून तहकूब करून आणेल. हरकती आल्या त्यातल्या बऱ्याचशा एकाच हस्ताक्षरात होत्या. भाजीवाल्या बायकांनी मात्र स्वतः येऊन अंगठे दिले. बाजाराच्या दिवशी त्यांच्या पाट्या आणि टेम्पो कोंडवाड्याच्या भिंतीला लागून उभे असतात. ‘‘आम्हाला विकू नका म्हणायचं न्हाई. विकल्यावर आम्ही कुठं बसायचं तेवढं लिवून द्या,’’ असं त्यांचं म्हणणं. लिहून कोण देणार?

सभा झाली. मिळकतवार वेगळं मतदान घ्या, ही मागणी मान्य करून घ्यायला पहिला तास गेला. अण्णांना पाचांचा एकच ठराव हवा होता, कारण एकत्र गठ्ठ्यात कोंडवाडा निघून गेला असता. नाका, शाळा, खुली जागा हे तिन्ही वगळले गेले, त्यावर बोलायला कुणाकडं काही उरलंच नव्हतं. शाळेच्या इमारतीत अभ्यासिका करावी असा जोडठराव झाला. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा राम अँड श्याम कंपनीचा निकाल वाचून दाखवायला सुरुवात केली : खासगी मालकानं आपली वस्तू विकणं वेगळं आणि सरकारनं लोकांची मालमत्ता विकणं वेगळं, ती विश्वस्ताची जबाबदारी आहे. मागून कुणीतरी ‘‘वकीलसाहेब, थोडक्यात’’ म्हणालं.

मी बोलले ते फक्त टाकीवर. विकताना एकपट, घेताना दुप्पट. दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि खाली बसले.

कोंडवाडा विकण्याच्या बाजूनं दहा हात वर आले, हवे होते बारा. साध्या बहुमतात तो ठराव आरामात पास झाला असता. सत्तेतले एक ज्येष्ठ सदस्य, जे कधी सभेत बोलत नाहीत, हात खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. अण्णांनी दोनदा त्यांचं नाव घेतलं. नंतर चहाच्या वेळी ते मला म्हणाले, ‘‘वहिनी, तुमच्यासाठी नाही हो. माझ्या आज्यानं त्या कोंडवाड्यातनं म्हैस सोडवून आणली होती, दंड भरून. ते आठवलं.’’ लोक मत का देतात याचा मी तेव्हापासून फार विचार करत नाही.

त्याची किंमतही मोजावी लागली. स्वहिस्सा शेवटी बराचसा वित्त आयोगाच्या निधीतून भागवला, आणि त्यामुळं दोन प्रभागांतली गटारांची कामं मागं पडली. त्यातला एक प्रभाग माझा. पुढच्या पावसाळ्यात लोकांनी मला दारात येऊन ऐकवलं, आणि कोंडवाड्याचं कारण सांगून कुणाचं समाधान होत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला नऊ गुंठ्यांची टाकी कशी दाखवणार?

टाकी मात्र तिथंच झाली. अर्ध्या जागेत टाकी, उरलेल्या जागेत अग्निशमनच्या गाडीची शेड, आणि ऐरणीखालचा दगड मोकळा करून भिंत बांधली. वेल्डिंगवाला दोन गाळे पलीकडं सरकला. हौद आणि छपरं पाडली, म्हणजे कोंडवाडा म्हणून ती जागा संपलीच. मोकाट जनावरं आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यासाठी नवीन जागा शोधायचा विषय अधूनमधून विषयपत्रिकेवर येतो.

सगळ्यांच्या एकमतानं पास झालेली एकच विक्री, वेशीकडची पट्टी, तिचं काय झालं ते सांगते. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयातून वर गेला. मोजणीची मूळ प्रत जोडलेली नाही म्हणून त्रुटी लागून परत आला. प्रत जोडून पाठवला, तोवर कोरोना. नंतर मूल्यांकन जुनं झालं म्हणून पुन्हा परत. मूल्यांकन नव्यानं मागवलं तोवर २०२१ ची अखेर आली, आमची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. प्रशासकांनी फाइलवर शेरा मारला, ‘नवनिर्वाचित सभागृहासमोर ठेवावे’.

शेजाऱ्यांनी दरम्यान त्या पट्टीवर न्हाणीघर आणि जिना बांधला. घरपट्टी विभागानं त्याची रीतसर आकारणी केली आहे, आणि ते दर वर्षी वेळेवर भरतात.